जाझला गोंगाट म्हणण्याआधी

"जाझ म्हणजे काय, तर मनाला येईल ते वाजवायचे." असे चांगली शिकलेली माणसेही बिनदिक्कत सांगतात. काहींना ते श्रीमंतांच्या हॉटेलात जेवताना मागे वाजणारे संगीत वाटते. हे समज नुसते चुकीचे नाहीत, ते अन्यायाचेही आहेत. ज्यांनी हे संगीत घडवले, त्यांची मेहनत आणि बुद्धी आपण एका वाक्यात नाकारतो.

जाझ अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात घडले. ते घडवणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी कायद्याने संपली होती, समान वागणूक मात्र मिळत नव्हती. त्यांनी चर्चमधली गीते, ब्लूज, रॅगटाइम आणि मिरवणुकीतले बँड यांतून हे संगीत उभे केले. पण १९१७ मध्ये जाझची पहिली रेकॉर्ड बाजारात आली ती गोऱ्या वादकांच्या बँडची! घडवणारे मागे राहिले.

यात नियम नाहीत म्हणता? ब्लूजचा साचा बहुधा चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा असतो. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून. कोणत्या खंडाखाली कोणता कॉर्ड, म्हणजे स्वरसमूह, येणार हे ठरलेले असते. त्या चौकटीत वादक त्याच क्षणी नवी चाल रचतो.

उर्दू जाणणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये. तरही मुशायऱ्यात मिसरा दिलेला असतो. बहर, काफिया, रदीफ ठरलेले. तरी प्रत्येक शायराची गझल वेगळी. तिथे कुणी म्हणते का, मनाला येईल ते बोलले? आणि शायर तर घरून लिहून आणतो. जाझवादकाला ते उभ्या उभ्या, सोबत्यांचे ऐकत करावे लागते.

"मग आपल्या रागातही हेच आहे", असे म्हणून विषय मिटवणारेही भेटतात. उत्स्फूर्तता दोन्हीकडे आहे, हे खरे. पण रागात षड्ज अढळ असतो. जाझमध्ये बहुधा खालचे कॉर्ड बदलत राहतात आणि वादकाला त्यांच्यासोबत वळावे लागते. शिवाय 'स्विंग' आहेच. मात्रेचे दोन भाग सारखे वाजत नाहीत. पहिला लांबतो, दुसरा आखडतो. पाय आपोआप ठेका धरतो तो त्यामुळे.

"हे परक्यांचे, आपला काय संबंध?" संबंध आहे. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) गोव्याच्या चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट वाजतो. जॉन कोलट्रेनच्या 'माय फेवरिट थिंग्ज'मध्ये पियानोवर असलेल्या मॅकॉय टायनर यांनी इस्लाम स्वीकारून सुलैमान सौद हे नाव घेतले होते. अहमद जमाल आणि यूसुफ लतीफ यांच्याशिवाय तर जाझचा इतिहास पुरा होत नाही.

नव्या श्रोत्याने लुई आर्मस्ट्राँगचे 'वेस्ट एंड ब्लूज' (१९२८) ऐकावे. आधी एकटा ट्रम्पेट, मग बारा-बारा खंडांची आवर्तने. बोटांवर मोजता येतात. नंतर 'द साउंड ऑफ म्युझिक' चित्रपटातले 'माय फेवरिट थिंग्ज' आणि लगेच कोलट्रेनचे, १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेले. चाल तीच, पण तिचे काय होते ते पाहा.

आवडले नाही, तर तसे म्हणा. तो तुमचा हक्क आहे. पण "यात काही नाही" म्हणायचे असेल, तर आधी बारा मोजून दाखवा.