सातबाऱ्याखालचा रनटाइम

चुडाव्याच्या शेतकऱ्याला सातबारा पाहायचा असला, की महाभूलेख संकेतस्थळावर परभणी जिल्हा, पूर्णा तालुका, चुडावा गाव निवडायचे, गट क्रमांक टाकायचा. उतारा समोर येतो. अशा पानाच्या पत्त्यात शेवटी ‘एएसपीएक्स’ ही अक्षरे दिसली, तर समजावे की खाली मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट राबते आहे.

२००२ साली आलेल्या या फ्रेमवर्कने प्रोग्रामरची हमाली कमी केली. तारखा हाताळणे, डेटाबेसमधून नोंदी आणणे, पान रचणे यांसाठी तयार कोड हाताशी आला. तो चालवण्याचे काम मात्र रनटाइमचे. सी-शार्पमधला कोड आधी एका मधल्या भाषेत उतरतो. एखादे फंक्शन पहिल्यांदा लागले, की जिट कंपायलर त्याचे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करतो. वापरून झालेली मेमरी गार्बेज कलेक्टर परत घेतो. तो नव्या वस्तू जास्त वेळा तपासतो, कारण त्यांतल्या बहुतेक अल्पायुषी असतात. २०१६ च्या डॉटनेट कोअरने ही यंत्रणा लिनक्सवरही नेली.

आपल्याकडे नव्या पोर्टलच्या उद्घाटनाचा गाजावाजा होतो. त्याखालच्या फ्रेमवर्कची देखभाल कुणाच्या खिजगणतीत नसते. आवृत्तीची मुदत संपली, की सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात. म्हणून सार्वजनिक सॉफ्टवेअरच्या प्रत्येक निविदेत आवृत्ती बदलण्याचा खर्च आणि वेळापत्रक आधीच लिहिलेले हवे. डॉटनेटवरचा हा अंक विद्यार्थ्यांनी वाचावाच. निविदा काढणाऱ्यांनी आधी वाचावा.

— संपादक