विश्लेषण : तापावरची नेहमीची गोळी यकृताला कधी बाधते? पॅरासिटामॉलबाबतचे संशोधन काय सांगते?

अंग मोडून आले, डोके दुखू लागले, मुलाला लशीनंतर ताप आला, की घरातल्या डब्यातून पहिली बाहेर येते ती पॅरासिटामॉलची गोळी किंवा सिरप. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो अशा नावांनी ती घरोघरी माहीत आहे. ॲस्पिरिनसारखे पोट बिघडवत नाही, गरोदरपणातही डॉक्टर देतात, म्हणून ती निर्धोक मानली जाते. मात्र ब्रिटन आणि अमेरिकेत यकृत अचानक निकामी होण्यामागचे सर्वात मोठे कारण हेच औषध आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचे उत्तर गेल्या सहा दशकांच्या संशोधनात सापडते.

धोका पहिल्यांदा कधी लक्षात आला?

पॅरासिटामॉल हे रसायन एकोणिसाव्या शतकातच तयार झाले होते, पण ते बराच काळ मागे पडले. १९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिले की, तेव्हाच्या ॲसिटानिलाइड या वेदनाशामकाचा गुण प्रत्यक्षात शरीरात तयार होणाऱ्या पॅरासिटामॉलमुळे येतो. त्यानंतर १९५०च्या दशकात ते अमेरिका आणि ब्रिटनच्या बाजारात आले. पोटात रक्तस्राव होत नाही, हा त्याचा मोठा गुण ठरला. १९६६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डेव्हिडसन आणि ईस्टहॅम या डॉक्टरांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनानंतर दगावलेल्या रुग्णांच्या यकृतातील पेशी मोठ्या प्रमाणावर मृत झालेल्या आढळल्या, असे त्यात नोंदवले होते. तोवर या औषधाचा यकृताशी संबंध कोणी फारसा जोडला नव्हता.

यकृतात नेमके काय घडते?

याचा उलगडा १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मिचेल, जॉलो, गिलेट आणि ब्रॉडी यांच्या गटाने केला. गोळी पोटात गेल्यावर तिचा सुमारे ९० टक्के भाग यकृतात निरुपद्रवी स्वरूपात बदलतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेल्या पाच ते दहा टक्के भागाचे एका विकराच्या (एन्झाइम) क्रियेने ‘नॅपक्वी’ या विषारी पदार्थात रूपांतर होते. यकृताच्या पेशींत ग्लुटाथिऑन नावाचे संरक्षक द्रव्य असते. ते नॅपक्वीला पकडून निष्प्रभ करते. नेहमीच्या मात्रेत हा हिशेब बरोबर जुळतो, म्हणून कोट्यवधी लोक ही गोळी घेऊनही ठणठणीत राहतात.

मात्रा वाढली की नेहमीचे दोन्ही मार्ग अपुरे पडतात आणि नॅपक्वी जास्त तयार होते. ग्लुटाथिऑनचा साठा संपत येतो. मग हे मोकाट विष पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातील प्रथिनांना चिकटते आणि पेशी मरू लागतात. म्हणजे यकृताला घातक ठरते ती मूळ गोळी नव्हे, तर यकृतानेच तिच्यापासून तयार केलेला पदार्थ.

त्यावर उतारा आहे का?

आहे, आणि तो याच संशोधनातून मिळाला. ग्लुटाथिऑन कमी पडते, तर त्याचा कच्चा माल शरीराला पुरवावा, हे त्यामागचे सूत्र. कफ पातळ करण्यासाठी वापरले जाणारे एन-ॲसिटाइलसिस्टीन (‘नॅक’) हे औषध नेमके तेच काम करते. एडिनबरा येथील लॉरी प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये शंभर रुग्णांचे निष्कर्ष मांडले. अतिसेवनानंतर दहा तासांच्या आत शिरेवाटे ‘नॅक’ मिळालेल्या ६२ जणांपैकी केवळ एकाच्या यकृताला गंभीर इजा झाली. उशीर झालेल्या ३८ जणांपैकी मात्र २० जणांना ती झाली. पहिल्या आठ तासांत उपचार झाले तर संरक्षण जवळपास पूर्ण मिळते, हा नियम आजही कायम आहे.

मग रुग्ण उशिरा का पोहोचतात?

कारण पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. थोडी मळमळ, उलटी, किंवा तेवढेही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटाच्या उजव्या बाजूला बरगडीखाली दुखू लागते आणि रक्ततपासणीत एसजीपीटी झपाट्याने वाढलेले दिसते. कावीळ, रक्त न गोठणे, भ्रम, गुंगी ही लक्षणे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतात. तोवर उताऱ्याची सर्वोत्तम वेळ टळून गेलेली असते आणि काही रुग्णांसाठी यकृत प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. त्यामुळे मात्रा जास्त झाल्याचे लक्षात येताच, लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठणे, हाच या साऱ्याचा व्यावहारिक अर्थ.

ठरलेल्या मात्रेतही धोका संभवतो का?

२००६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या प्रश्नाकडे लक्ष वेधले. पॉल वॉटकिन्स यांच्या गटाने १४५ निरोगी प्रौढांना सहभागी करून घेतले. त्यातील काहींना १४ दिवस रोज चार ग्रॅम, म्हणजे कमाल अनुमत मात्रेइतके पॅरासिटामॉल दिले गेले, तर काहींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. औषध घेणाऱ्या गटांत ३१ ते ४४ टक्के लोकांचे एएलटी (एसजीपीटी) सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वर गेले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत कोणाचेच नाही. यातील कोणाचेही यकृत निकामी झाले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. मात्र कमाल मात्रा ही रोजची मात्रा नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

२०१७ मध्ये एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी मानवी यकृतपेशी आणि उंदरांवरील प्रयोगांत आणखी एक बाब दाखवली. पेशींना एकमेकींशी घट्ट बांधून ठेवणारे सांधे पॅरासिटामॉलमुळे लवकर सैल पडतात. हे सांधे तुटले की यकृताची रचना विस्कळीत होते. सिऱ्होसिस, कर्करोग अशा आजारांत अशी इजा ठाऊक होती. पॅरासिटामॉलच्या बाबतीत ती नवी होती. प्रयोगशाळेतील हा निष्कर्ष थेट रुग्णांना लागू करता येत नाही, पण नव्या औषधांच्या शोधासाठी तो एक धागा आहे.

नकळत मात्रा वाढते कशी?

अमेरिकेत १९९८ ते २००३ दरम्यान यकृत अचानक निकामी झालेल्या ६६२ रुग्णांच्या अभ्यासात ४२ टक्के प्रकरणांत कारण पॅरासिटामॉल होते. त्यातील जवळपास निम्म्या, ४८ टक्के रुग्णांनी ते मुद्दाम जास्त घेतलेले नव्हते. अशा नकळत झालेल्या प्रकरणांत ३८ टक्के रुग्ण पॅरासिटामॉल असलेली दोन किंवा अधिक औषधे एकाच वेळी घेत होते. एडिनबरा येथील ६६३ रुग्णांच्या अभ्यासातही १६१ जणांनी एकदम नव्हे, तर थोड्या थोड्या गोळ्या अनेक तासांत वा दिवसांत घेतल्या होत्या. एकूण औषध कमी घेऊनही त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण एकदम जास्त घेणाऱ्यांपेक्षा अधिक निघाले.

आपल्याकडेही हे सहज घडू शकते. तापासाठी एक गोळी, सर्दीसाठी दुसरी, कंबरदुखीसाठी ॲसिक्लोफिनॅकची तिसरी. या तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. नावे वेगळी असल्याने बेरीज कोणी करत नाही. ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांत चार ग्रॅम औषध असते, तर ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम. म्हणजे ‘नेहमीसारख्या’ आठ गोळ्या ६५०च्या पट्टीतून घेतल्या तर मर्यादा ओलांडली जाते. लहान मुलांच्या बाबतीत घोळ वाढतो. ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरप कधी पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५, तर कधी २५० मिलिग्रॅमचे. मुलाचा डोस वजनावर ठरतो, एका वेळी किलोमागे साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, तर मात्रा दुप्पट होते.

कोणाला अधिक जपावे लागते?

नियमित मद्यपान करणाऱ्यांत नॅपक्वी तयार करणारा विकर वाढलेला असतो. कुपोषण, दीर्घ उपवास, आजारपणात अनेक दिवस न जेवणे यांमुळे ग्लुटाथिऑनचा साठा आधीच घटलेला असतो. यकृताचा जुना आजार, कमी वजन, क्षयरोगावरील आयसोनियाझिडसारखी औषधे सुरू असणे, अशा स्थितीत चार ग्रॅमची मर्यादा गृहीत धरू नये. ती डॉक्टरांनी ठरवावी. पावसाळ्यानंतर महाराष्ट्रात डेंग्यूचे रुग्ण वाढतात. डेंग्यूत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन टाळून पॅरासिटामॉलच दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण डेंग्यूचा विषाणू स्वतः यकृताला त्रास देतो. ताप उतरत नाही म्हणून दर दोन-तीन तासांनी गोळी देणे म्हणूनच घातक ठरू शकते.

इतर देशांनी काय उपाय केले?

ब्रिटनने सप्टेंबर १९९८ पासून साध्या दुकानांत १६ आणि औषध दुकानांत ३२ गोळ्यांपर्यंतच पाकीट विकण्याचे बंधन घातले. पुढील ११ वर्षांत पॅरासिटामॉलमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा ४३ टक्क्यांनी घटले आणि त्यामुळे प्रत्यारोपणासाठी होणाऱ्या नोंदणीत ६१ टक्के घट झाली, असे कीथ हॉटन यांच्या गटाने २०१३ मध्ये नोंदवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या संयुक्त गोळ्यांतील पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित करण्यास सांगितले. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२५ पासून सुपरमार्केटमधील पाकीट २० वरून १६ गोळ्यांवर आणले.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात यकृत अचानक निकामी होण्यामागे प्रामुख्याने हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ हे विषाणू तसेच क्षयरोगावरील औषधे आढळतात. पॅरासिटामॉलचा वाटा पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बराच कमी आहे. त्यामुळे घबराटीचे कारण नाही. २०११ मध्ये संयुक्त गोळ्यांसाठी ३२५ मिलिग्रॅमची मर्यादा भारतानेही ठरवली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने बंदी घातलेल्या १५६ संयुक्त औषधांत ॲसिक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळीही होती.

पण नियमांचा दुसरा भागही पाहायला हवा. औषध नियमांच्या ‘के’ परिशिष्टानुसार एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात घरगुती औषध म्हणून ही गोळी परवान्याविना विकता येते. दुर्गम भागासाठी ही सोय गरजेची आहे. मात्र सोय द्यायची तर सूचनाही ग्राहकाला वाचता येईल अशी हवी. गोळ्यांच्या पट्टीवर बारीक इंग्रजीत छापलेला इशारा गावातल्या किराणा दुकानातून गोळी नेणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. ‘यात पॅरासिटामॉल आहे, २४ तासांत इतक्याच गोळ्या’ हे मराठीत, ठळक अक्षरांत छापणे, मुलांच्या औषधाची तीव्रता एकसारखी करणे आणि ‘नॅक’ची इंजेक्शने जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत कायम ठेवणे, यांपैकी एकाही उपायाला मोठा खर्च येत नाही.

तोवर घरात पाळायचे नियम सोपे आहेत. प्रत्येक पट्टीवरचे घटक पाहावेत, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे, घेतलेल्या गोळीची वेळ लिहून ठेवावी आणि मुलांचे औषध बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे. प्रौढांचा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर गोळी वाढवण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे. कोणी जास्त गोळ्या घेतल्याचे कळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रिकामी पट्टी सोबत न्यावी. मानसिक तणावात मदतीसाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.