तालमीतली तालीम

गेल्या महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आले. नाव छापू नका, असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून आम्ही त्यांना नुसते आपा म्हणतो. त्यांचा मुलगा सहावीत आहे. गावातल्या तालमीत जायचे म्हणून त्याने हट्ट धरला आहे. घरात त्याचे चाचा म्हणतात, "तिथे कोनाड्यात मारुती, अंगावर लंगोट. हे आपले नव्हे." शाळेत एका पोराने त्याला सुनावले, "मल्लविद्या आमची, तुझे तिथे काय काम?" चाचांना तो पोरगा पटणार नाही आणि त्या पोराला चाचा पटणार नाहीत, पण या एका गोष्टीवर दोघांचे एकमत झाले! पोरगा रात्री जेवला नाही. आपा विचारतात, तालीम नक्की कुणाची?

फतवा देणे आमचे काम नव्हे. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. तेव्हा आम्ही आमच्या पद्धतीने, शब्दांपासून सुरुवात केली.

आठवीच्या वर्गात फळ्यावर 'तालीम' एवढेच लिहिले आणि अर्थ विचारला. एक मुलगी म्हणाली, गॅदरिंगच्या नाटकाची तालीम. एक म्हणाला, कुस्तीची तालीम. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, घरी अब्बू म्हणतात, तालीम पूरी करो, म्हणजे शिक्षण." तिघांचेही बरोबर. शब्द अरबी. इल्म, आलिम, मुअल्लिम यांच्याच घरातला. तालीम म्हणजे शिकवणे. मराठीने तो उचलला आणि जिथे अंगाला शिकवतात त्या जागेलाच नाव देऊन टाकले.

मग मुलांनी फळा भरला. वस्ताद म्हणजे उस्ताद. पैलवान फारसी, फिरदौसीच्या शाहनाम्यातला रुस्तमही पहलवानच. कुस्ती फारसी. जोर फारसी, खुराक फारसी, मैदानही तिकडचेच. ज्या हौद्यात लाल माती असते तो हौदा अरबी हौजचा भाऊ. दुसऱ्या रकान्यात मल्ल, आखाडा, लंगोट, गदा, बैठका, माती. हे आपल्या जमिनीतले. एक पोर मामाकडून डावांची नावे शिकून आला होता. 'बगलडूब' कुठल्या रकान्यात लिहायचे, यावर वर्गात भांडण झाले, कारण बगल फारसी आणि डूब इकडची. 'गर्दनखेच'चेही तसेच. शेवटी दोन्ही शब्द मधल्या रेघेवर लिहिले.

पण शब्द आला म्हणून वस्तूही तिथूनच आली, असे नसते. हे मुलांना सांगितलेच पाहिजे, नाहीतर चाचांच्या जागी आम्हीच उभे राहू. आपल्या भागात कुस्ती फारसीच्या आधीपासून आहे, याचा चांगला पुरावा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. राजाने करमणुकीसाठी काय काय करावे याची त्यात मोठी यादी आहे आणि तिच्यात मल्लांच्या कुस्त्याही आहेत. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, वजन उचलण्याची मेहनत, पाण्यातली मेहनत, इतकेच काय, खांबावरची मेहनतसुद्धा. आजच्या मल्लखांबाचे मूळ सांगताना जाणकार याच उल्लेखावर बोट ठेवतात. म्हणजे त्या वर्गमित्राचे निम्मे म्हणणे खरे आहे. ते कबूल करायला आम्हाला काही जड वाटत नाही.

राहिलेले निम्मे त्याला कुणी सांगितलेले दिसत नाही.

1347 साली बहमनी राज्य उभे राहिले, आधी गुलबर्ग्याला, मग बिदरला. म्हणजे मानसोल्लास जिथे लिहिला गेला त्याच मुलखात. इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, हबशाण इथून माणसे येत राहिली. शिपाई आले, सूफी आले, घोड्यांचे सौदागर आले. पुढे विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा अशी राज्ये झाली. त्यांच्या फौजांत मराठा सरदार होते, हबशी होते, पठाण होते. स्वतःचा घोडा आणि हत्यार आणणारा शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. हे शब्द तिथलेच. एका छावणीत राहणारी जवान माणसे संध्याकाळी काय करणार? अंगाला माती लावून एकमेकांना अजमावणार. एकाचा डाव दुसरा शिकणार.

मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरांच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरेने सांगतात. हे दोघे भाऊ 1624 च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि शरीफजी तिथेच कामी आले. पुढे शिवाजी महाराजांनी दरबारी भाषेतले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द देण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारात कितीतरी शब्द बदलले. आखाड्यात मात्र वस्ताद वस्तादच राहिला.

आता जरा इराणात जाऊ, कारण चाचांना तिथलेच उत्तर द्यायला हवे. तिथे तालमीला जोरखाना म्हणतात, म्हणजे जोराचे घर. मधोमध जमिनीत खोल केलेला हौद, त्यात उतरून मेहनत. लाकडी मुद्गल फिरवणे, फळीवर हात टेकून जोर मारणे. उंच ओट्यावर मुर्शिद बसतो, ढोल वाजवतो आणि हजरत अलींचे नाव घेतो. 2010 साली युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्याची चित्रफीत आम्ही वर्गात दाखवली, तेव्हा मुले म्हणाली, "सर, ही तर आपलीच तालीम, फक्त चड्डी लांब आहे!" कुणी कुणाकडून किती घेतले हे मोजत बसण्यात आम्हाला रस नाही. मुद्गल इकडेही जुने आहेत, तिकडेही. माणसांचे येणेजाणे दोन्हीकडून होते.

तिथे पुरिया-ए-वली या पहलवानाचा किस्सा सांगतात. खरे नाव महमूद, ख्वारिज्मचा राहणारा, कबर उझबेकिस्तानातल्या खीवा शहरात. एका जवान पैलवानाशी त्याची कुस्ती ठरली. आदल्या रात्री त्याने एका म्हातारीला रडत दुआ मागताना ऐकले. ती त्या जवानाची आई होती. मुलगा हरला तर घराचे हाल होतील, म्हणून ती गयावया करत होती. दुसऱ्या दिवशी पुरियाने स्वतःची पाठ मातीला लावून घेतली. इराणात आजही त्याला पैलवानांचा सरताज मानतात, तो या हरलेल्या कुस्तीमुळे.

आमच्या दादांचे, म्हणजे अब्बांच्या वडिलांचे, दोन्ही कान पैलवानाचे होते, चुरगाळल्यासारखे. आम्ही मांडीवर बसून ते चाचपायचो. ते सांगत, पैलवानाचा दिवस फजरच्या आधी सुरू होतो. ते वजू करून नमाज पढून तालमीत जात. त्यांचे वस्ताद हिंदू होते. कोनाड्यातल्या मारुतीपुढे दिवा लावायला ते दादांना कधी सांगत नसत. हौद खणायला मात्र पहिली पाळी दादांची असे. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळायचे आणि फावड्याने ती खालीवर करायची. हे काम आठवले की म्हातारपणीही ते पाठ चोळत.

कोल्हापुरात तर गोष्ट आणखी पुढे गेली. शाहू महाराजांनी पंजाबातले नामांकित मल्ल, त्यात मुसलमान पुष्कळ, आपल्या आश्रयाला आणले आणि 1912 साली खासबागचे मैदान उभे राहिले. तिथल्या कितीतरी तालमींत मोहरमला पंजे बसतात. बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर साऱ्या शहराला ठाऊक आहे. 2018 आणि 2019 साली मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा काही तालमींत पंजे आणि गणपती एकाच मांडवात होते. पंजांबद्दल आपल्यातच मतभेद आहेत हे आम्ही जाणतो आणि तो वाद इथे उकरत नाही. कोल्हापूरच्या रस्त्यावर उभे राहून तालीम एकाच जमातीची म्हणणे अवघड आहे, एवढेच आमचे म्हणणे.

आता आपा, तुमच्या घरच्या दोन अडचणी. मारुतीपुढे हात न जोडता मुलाला मेहनत करता येईल का, हे वस्तादांना आधीच, नीट आदबीने विचारा. बहुतेक वस्ताद हो म्हणतील. ते नाही म्हणाले तर चाचांचे बरोबर धरून दुसरी तालीम शोधा, यात कमीपणा नाही. हौद्याची माती उचलून अंगाला लावतात ती घाम टिपायला आणि पकड यायला. तिला पूजा समजू नका. दुसरी अडचण सतरची. ती आम्हाला चाचांइतकीच खरी वाटते. यावर जोरखान्यातली तोड आहे. तिथले पहलवान गुडघ्याखाली पोचणारी जाड चड्डी घालतात. मेहनतीपुरती तशी एक घट्ट मांजरपाटाची शिवून घ्या. लंगोट आतून राहू द्या, तो पैलवानाच्या जपणुकीसाठी असतो.

पहिल्या दिवशी चाचांनाच मुलाबरोबर पाठवा. दारात उभे राहून नुसते बघू द्या. खुराकाला महाग पावडरी आणू नका. घरचे दूध आणि रात्री भिजवलेले चार बदाम या वयाला पुष्कळ. आणि त्या वर्गमित्राला विचारा, तोही येतो का. जोडीला कुणीतरी लागतेच. वस्ताद काय म्हणाले ते कळवा.