पत्रिका जाड, पाकीट फाटके



तुळशीची लग्ने लागली की आपल्याकडे माणसांच्या लग्नांच्या याद्या सुरू होतात. आपल्यापैकी काही घरांत यंदा कार्य असेल आणि पत्रिकांचे नमुने बघणे चालू असेल. म्हणून या वेळी पत्रिकेबद्दल लिहिते. ती कशी छापावी हे नव्हे, पोहोचवावी कशी हे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलीचे लग्न पुण्याला झाले. आम्ही शारजात, त्यामुळे घरोघर जाऊन आमंत्रणे करणे शक्य नव्हते. पत्रिका मात्र हौसेने केली. जाड पुठ्ठा, वर पितळी गणपती, आत अक्षतांची पुडी आणि एक सुपारी. माझ्या दिरांनी पुण्याहून सगळ्या पोस्टात टाकल्या. माझा थोरला भाऊ साताऱ्याकडे खेड्यात असतो. त्याला तारीख फोनवर सांगितली होतीच. दादा लग्नाला आला. मामा म्हणून भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणले, अक्षता पडल्या, आणि जेवायला न थांबता निघून गेला. आम्हाला कारण कळेना.

उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा वहिनींनी कपाटातून एक पाकीट काढून दाखवले. एका बाजूने उभे फाटलेले, आत काही नाही. दादा एवढेच म्हणाला, "पोस्टमनने पारावर चारचौघांत हातात दिलं गं. बहिणीचं रिकामं पाकीट."

चूक आमचीच होती. पत्र पोस्टात गेले की ते थैल्यांत दाबले जाते, त्यावर शिक्के बसतात. मोठ्या केंद्रांत ते यंत्राच्या पट्ट्यांमधून आणि रुळांमधून वळत जाते. साधा कागद वाकतो, पितळी गणपती वाकत नाही. सुपारीपाशी उंचवटा येतो, तिथे पाकीट अडकते आणि फाटते. आतली पत्रिका कुठेतरी गळते, पाकीट मात्र पत्त्यावर पोहोचते!

जागतिक टपाल संघटनेच्या नियमांत पत्रांचे गट आहेत. ५ मिलिमीटरपर्यंत जाड आणि १०० ग्रॅमपर्यंत वजन असेल तर ते लहान पत्र. २० मिलिमीटर आणि ५०० ग्रॅमपर्यंत मोठे पत्र. त्यापुढे २ किलोपर्यंत जाडजूड पाकीट. गट बदलला की दरही बदलू शकतो. म्हणून शंभर पत्रिका छापण्याआधी एक नमुना सगळ्या सामानासकट पाकिटात घालून पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्यावा आणि मगच तिकिटे आणावीत.

आत काय घालतो याचाही विचार करावा. सुटी हळद, कुंकू, अक्षता पाकिटात नकोत. २००१ मध्ये अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली आणि ५ माणसे दगावली. तेव्हापासून पाकिटातून पूड सांडली की ते बाजूला ठेवले जाते. ऑस्ट्रेलियात धान्य आणि बिया यांची तपासणी फार कडक असते, तेव्हा तिकडच्या मुलांना अक्षता पाठवू नयेत. कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटे लावून चांगली वाळवली की शास्त्र पाळले जाते. गावाकडून इकडे पत्रिकेबरोबर फराळाचा डबा येणार असेल तर आधीच कळवा : अनारसे नकोत. अनारशाला खसखस लागते आणि खसखस इथे आणायला सक्त मनाई आहे. पानाच्या साहित्यालाही मनाई आहे. कौतुकाचा डबा पाहुण्यांच्या अंगाशी यायला नको.

आता पत्ता. भारतातला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, आणि संस्कृतचे कवीही. एकाच नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी, म्हणून पिनकोड हवाच. मरून पाकिटावर सोनेरी शाईने लिहिलेला पत्ता वाचता येत नाही. वर पांढरी चिठ्ठी चिकटवून काळ्या शाईने लिहावा.

इकडे पत्र यायचे असेल तर पोस्ट बॉक्सचा नंबर आणि अमिरातीचे नाव लागते, पिनकोड नाही. बॉक्स बहुधा कंपनीचा असतो, म्हणून आपले नाव पूर्ण आणि ठळक हवे, नाहीतर पत्रिका ऑफिसातच पडून राहते. जाड पाकीट छोट्या बॉक्समध्ये मावत नाही. मग चिठ्ठी येते आणि खिडकीवर जाऊन सोडवून आणावे लागते. कुरियरने पाठवत असाल तर मोबाइल नंबर आणि दुबईत इमारतीवरचा दहा आकडी मकानी नंबर लिहावा.

एक सोपा उपाय सुचवते. पत्रिका दोन प्रकारच्या करा. पोस्टाने जाणारी साधी, सपाट, एका घडीची. हातात द्यायची हवी तितकी नटवा. पोस्टाची पत्रिका महिना-दीड महिना आधी टाका. मानाच्या घरांना भारतात स्पीड पोस्टाने पाठवा म्हणजे माग काढता येतो. (देशातली रजिस्टर्डची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली.) आणि आठ दिवसांनी फोन करून विचारा, "पत्रिका मिळाली का?" व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र सगळेच पाठवतात, पण वडीलधारी माणसे वाट बघतात ती कागदाची.

राजस्थानात रणथंभोरच्या किल्ल्यात त्रिनेत्र गणेशाचे देऊळ आहे. लोक लग्नाची पहिली पत्रिका पोस्टाने तिथे पाठवतात आणि पोस्टमन ती देवापर्यंत पोहोचवतो. गणपतीला पोस्टाने चालते. मामाला चालेलच असे नाही.

मुलाच्या लग्नाच्या वेळी मी पंधरा दिवस आधी गेले. पुण्याहून एस.टी.ने थेट दादाकडे. पत्रिका हातात ठेवली, नमस्कार केला. त्याने आधी पाकीट उघडून आत बघितले, मग हसला. त्या लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत तो वाढत होता.