पडून राहण्याचा इलाज

परळच्या टाटा रुग्णालयात किमोथेरपी घेऊन, अपंग व कर्करुग्णांसाठी राखलेल्या डब्यातून रुग्ण आमच्या कोपर उपनगरात परतला, की घरी त्याच्या विश्रांतीचा जो कडेकोट बंदोबस्त होतो, त्यामागील माया निःसंशय असली तरी त्याची उपयुक्तता मला संशयास्पद वाटते. खिडकीचा पडदा ओढायचा, शेजारणीस दारातूनच परतवायचे आणि ‘तुम्ही नुसते पडून राहा’ असे घटकेघटकेला बजावायचे. परिणामी रुग्ण भर दुपारी गाढ झोपतो आणि शेवटची लोकल गेल्यावरही पंख्याच्या पात्यांकडे पाहत जागा असतो.

या जागरणास केवळ चिंता कारण नसते. वांती होऊ नये म्हणून देतात ते डेक्सामेथासोन झोप उडवते आणि वेदना जागरणात भर घालतात, हे खरेच. परंतु शरीराचे घड्याळ ज्या प्रकाशावर लागते, तोच रुग्णाच्या वाट्यास येईनासा होतो, याकडे कोणाचे लक्ष नसते. नेत्रपटलातील काही पेशी उजेडाची वर्दी मेंदूस देतात; सकाळच्या मोकळ्या आभाळाखाली हजारो लक्स उजेड असतो, तर ट्यूबलाइटच्या खोलीत तो काही शेकड्यांपलीकडे क्वचितच जातो.

सान दिएगो येथे सोनिया अँकोली-इस्राएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनकर्करोगाच्या स्त्रियांना किमोथेरपीच्या काळात रोज सकाळी अर्धा तास प्रखर पांढऱ्या दिव्यासमोर बसविले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, मंद लाल दिवा मिळालेल्यांचा थकवा वाढला, प्रखर दिव्यासमोर बसलेल्यांचा वाढला नाही. अमेरिकेतच कॅरेन मस्टियन यांनी, उपचार पुरे झालेल्या 410 जणांचा अभ्यास 2013 मध्ये मांडला. त्यांतील जे चार आठवडे योगवर्गास गेले, त्यांची झोप इतरांहून अधिक सुधारली. योगाचा अभिमान मिरविणाऱ्या आमच्या घरांत मात्र रुग्णास चटईवर बसण्याचीही मनाई!

उजेडाने वा योगाने कर्करोग बरा होत नाही. हाडांत रोग पसरला असेल, रक्तपेशी घटल्या असतील वा डोळ्यांचा विकार असेल, तर डॉक्टरांस विचारल्याखेरीज यातले काहीच करू नये. म्हणूनच माझी सूचना अशी, की ‘सकाळी अर्धा तास उजेडात, झेपेल तितके चालणे’ हे डॉक्टरांनी केसपेपरावर औषधांच्या खाली स्वहस्ते लिहावे. रुग्णाचे न ऐकणारी मंडळी त्या अक्षरांपुढे निमूट नमतात.

राहिला प्रश्न उजेडाचा. कोपरला इमारती इतक्या खेटून उठल्या आहेत, की कित्येक तळमजल्यांवर दिवसाढवळ्या दिवा लागतो, आणि रस्त्यावर रिक्षा-दुचाकींतून अशक्त माणसाने चालावे कसे? महापालिका सपाट वाटा व बाके करील तेव्हा करो. तूर्त प्रत्येक सोसायटीच्या डोक्यावर गच्ची आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली चिटणिसांच्या घरी खुंटीला आहे. जिथे लिफ्ट आहे, तिथे तरी त्या किल्लीची एक प्रत रुग्णाच्या घरी द्यावी, एवढा ठराव पुढच्या सभेत मंजूर करण्यास दमडीचाही खर्च नाही.