घोकंपट्टीचे देव्हारे

गणिताच्या तासाला मुले चिंचोके मांडून आपापसांत वाद घालू लागली, की आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी पालक अस्वस्थ होतात. वही कोरी दिसली, तर शिक्षकाला जाब विचारतात. पाढे घोकले, फळ्यावरची उदाहरणे उतरवून घेतली, म्हणजे गणित आले, ही आपली पक्की समजूत. तीच मुलांच्या मुळावर येत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तळवलीचेच उदाहरण घ्या. नवी मुंबईच्या उभारणीत ठाणे-बेलापूर पट्ट्यातील गावांच्या जमिनी गेल्या आणि ‘साडेबारा टक्के’ हे शब्द गावठाणाच्या बोलण्यात रुळले. शाळेत मात्र शेकडेवारी सूत्रातच कोंडलेली राहते. मुलाच्या हाती एक कागद द्या. दर वेळी बरोबर निम्मा, असा तीनदा दुमडायला सांगा. उलगडल्यावर आठ सारखे भाग दिसतील. शंभराचा आठवा भाग केवढा, हे त्याचे त्यालाच शोधू द्या. साडेबारा हे उत्तर गवसले, की ते त्याच्या मालकीचे झाले. ‘ज्ञानरचनावाद’ या जड शब्दाचे मर्म एवढेच आहे. ज्ञान डोक्यात ओतता येत नाही; मूल ते आपल्या अनुभवातून रचते. आणि ज्याला हिस्सा मोजता येत नाही, त्याला पुढे व्यवहारात कोणीही फसवू शकते.

हे परदेशी खूळ आहे, असे काही जण म्हणतात. जाँ पियाजे स्वित्झर्लंडचे, हे खरे. परंतु ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम मांडले आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी ते अनुताई वाघ यांच्यासह वाढवले, ते आपल्याच मातीत. कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकवावे, असे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 29 वे कलमही सांगते.

तरीही 2019 साली काय घडले? मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले आणि महाराष्ट्रात टिंगलीला ऊत आला. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून मूल 72 लिहिते, ‘एकोणतीस’मध्ये तर दोनही नाही आणि नऊही नाही. ही अडचण किती जणांनी समजून घेतली? आपलीच मुले ‘ट्वेंटी वन’ म्हणतात, तेव्हा मराठी बुडाल्याचे दुःख कोणाला होत नाही!

अर्थात, शाळेची फरशी रंगवली म्हणजे रचनावाद अवतरला, असेही नव्हे. शिक्षक मुलाचे ऐकणार नसेल, तर ते चित्र केवळ पाहुण्यांसाठी. पाढे टाकून द्या, असेही आम्ही म्हणत नाही. सात चोक अठ्ठावीस कसे होतात हे कळल्यावर पाठ करा, आधी नको.

तेव्हा पालकहो, मूल शाळेतून आल्यावर ‘किती पाने लिहिलीस?’ हा प्रश्न सोडा. ‘हे उत्तर तू कसे काढलेस?’ असे विचारा, आणि ते सांगेल तेवढा वेळ स्वस्थ बसून ऐका.