राजकवी : मान की चाकरी?

इंग्रजी वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत 'पोएट लॉरिएट' या पदवीची ओळख बहुधा एकाच साच्याच्या वाक्याने होते : राष्ट्रातील श्रेष्ठ कवीला मिळणारा सन्मान. विद्यार्थी तेच लिहितात, गुणही मिळवतात. आमच्या मते हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही.

१३४१ साली रोममध्ये पेट्रार्कच्या मस्तकी लॉरेलच्या पानांचा मुकुट चढला, तो काव्याचा आणि विद्वत्तेचा गौरव होता. इंग्लंडने त्या परंपरेतून नाव उचलले. पद मात्र दरबारी चाकरीचे केले. १६६८ मध्ये ड्रायडनची या पदावर सवेतन नेमणूक झाली. १६८८च्या राज्यक्रांतीनंतर त्याने नव्या राजसत्तेशी निष्ठेची शपथ घेतली नाही आणि त्याचे पद गेले. ते मिळाले कोणाला? 'मॅक फ्लेक्नो'त ज्याची ड्रायडनने यथेच्छ टवाळी केली होती, त्या शॅडवेलला! ड्रायडनची प्रतिभा काही एका रात्रीत आटली नव्हती. राजा बदलला तरी निष्ठा बदलली नाही, हाच त्याचा अपराध.

पुढे १७५७ मध्ये ग्रेने आणि १८१३ मध्ये स्कॉटने हे पद नाकारले. वर्ड्‌स्वर्थने १८४३ मध्ये ते स्वीकारले, पण काव्यलेखनाची सक्ती होणार नाही असे आश्वासन मिळाल्यावरच. सन्मान स्वीकारताना अशी अट कोण घालतो? अट घालावी लागते ती नोकरीला.

यावर टेनिसनचे नाव पुढे केले जाईल. तो मोठा कवी होता, हे निर्विवाद. परंतु 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' ही कविता १८५४ मध्ये त्याने वर्तमानपत्रातील वृत्तान्त वाचून लिहिली, राजाज्ञेवरून नव्हे. पद आणि प्रतिभा एकत्र नांदली, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. १९९९ पासून नेमणूक तहहयात न राहता दहा वर्षांची झाली, २००९ मध्ये कॅरल अ‍ॅन डफी ही पहिली स्त्री पदावर आली. हे बदल स्वागतार्हच; त्यांनीही ते एक पद आहे हेच अधोरेखित केले.

आपल्याकडेही ग्वाल्हेरचे तांबे, बडोद्याचे चंद्रशेखर यांच्या नावामागे 'राजकवी' लागते. त्या शब्दातून आश्रय कोणाचा होता एवढेच कळते. कविता कशी आहे, ते वाचूनच ठरवावे लागते. म्हणूनच वर्गात राजकवींची नामावळी पाठ करून घेण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : वेतन कोण देत होते, कशासाठी देत होते, आणि नकार दिल्यावर काय झाले? साहित्याचा इतिहास तिथून सुरू होतो.